कर्नलमधून फाइल उघडायची, पण कुणाच्या नावाने?

प्रश्न थोडक्यात असा आहे. अंधेरीच्या एका कंपनीत मोजमापाचं जुनं पीसीआय कार्ड आहे आणि त्याचा ड्रायव्हर (कार्ड चालवणारा कोड) लिनक्सच्या 2.6.32 कर्नलवर, म्हणजे यंत्रणेच्या गाभ्याच्या जुन्या आवृत्तीवर, वर्षानुवर्षं चालत होता. मशीन बदललं, आता डेबियन 12, म्हणजे 6.1 कर्नल. ड्रायव्हर इंटरप्ट हँडलरमध्येच, म्हणजे कार्डाने हाक मारली की तडक चालणाऱ्या कोडमध्येच, /एटीसी या सेटिंगच्या फोल्डरखालची कॅलिब्रेशनची फाइल उघडून वाचतो. ‘सेट_एफएस’ सापडत नाही म्हणून कंपायलर अडला. ती ओळ काढली तर ‘व्हीएफएस_रीड’ हे सिम्बॉल मिळेना. त्याजागी ‘कर्नल_रीड’ टाकलं, मॉड्यूल गुमान चढलं आणि पहिल्याच इंटरप्टला स्क्रीनवर ‘थांबायची मुभा नाही तिथे कोड झोपला’ अशा अर्थाची तक्रार आली: ‘शेड्युलिंग व्हाइल अ‍ॅटॉमिक’. विचारणाऱ्याला हवंय ते इतकंच: कर्नलमधून फाइल उघडायची बरोबर पद्धत सांगा.

पद्धत एका ओळीची आहे, ती आधी देऊन टाकतो. ‘फिल्प_ओपन’ने उघडा, ‘कर्नल_रीड’ने वाचा, ‘फिल्प_क्लोज’ने बंद करा. पण ही ओळ घेऊन गेलात तर दोन महिन्यांनी दुसरा प्रश्न घेऊन परत याल, कारण तुमचा कोड फंक्शनच्या नावावर अडलेलाच नाही.

आधी जुन्या ओळी का गेल्या ते पाहू. युजरचा प्रोग्रॅम फाइल वाचायला सांगतो तेव्हा तो एक पत्ता देतो आणि डेटा तिथे टाका म्हणतो. कर्नल आधी तपासतो की हा पत्ता युजरच्याच हद्दीतला आहे ना. नाहीतर कुणीही कर्नलच्या स्वतःच्या मेमरीवर लिहून घेईल. ड्रायव्हरवाल्यांची अडचण अशी की त्यांचा बफर कर्नलच्या हद्दीत असतो, त्यामुळे तीच तपासणी त्यांना अडवते. त्यावरची जुनी युक्ती म्हणजे ‘सेट_एफएस’: थोडा वेळ हद्दीची भिंतच हटवायची, वाचून घ्यायचं आणि भिंत परत उभी करायची. नावातलं एफएस म्हणजे फाइलसिस्टम नव्हे, 80386 प्रोसेसरचं एफएस नावाचं सेगमेंट रजिस्टर. लिनक्सच्या बालपणी युजरच्या मेमरीकडे जाण्याची वाट त्यातून होती. रजिस्टरचा तो वापर केव्हाच संपला, नाव मात्र चिकटून राहिलं.

भिंत हटवली आणि परत उभी करायच्या आधीच काही कोसळलं तर? 2010 मध्ये नेल्सन एल्हाज यांनी नेमकं हेच दाखवलं. भिंत हटलेली असताना कर्नलमध्ये ऊप्स झाला, म्हणजे कर्नलचाच कोड कोसळला, तर मरणाऱ्या प्रोसेसची आवराआवर करणारा कोड युजरने आधीच देऊन ठेवलेल्या पत्त्यावर शून्य लिहायचा, आणि आता तो पत्ता कर्नलचाही असू शकत होता. सुरक्षेतल्या त्रुटींच्या जाहीर यादीतला सीव्हीई-2010-4258 तो हाच. एक शून्य कर्नलमध्ये हव्या त्या जागी लिहिता आलं की रूट, म्हणजे सर्वाधिकारी युजर, होणं फार दूर राहत नाही. पुढे क्रिस्टॉफ हेलविग आणि इतरांनी ही सवय मुळापासून उपटायला घेतली. 4.14 मध्ये ‘व्हीएफएस_रीड’ मॉड्यूलना मिळेनासं झालं, 5.10 मध्ये एक्स86 वरून ‘सेट_एफएस’ गेलं आणि 5.18 पर्यंत उरलेल्या आर्किटेक्चरमधूनही. ‘कर्नल_रीड’ला भिंत हटवावी लागत नाही, बफर कर्नलचा आहे हे ते खालच्या थरांना स्पष्ट सांगतं. तेव्हा इंटरनेटवर कुठे ‘सेट_एफएस’ पुन्हा आणायचा पॅच किंवा ‘कॅलसिम्स’ या कर्नलच्या नावांच्या यादीतून लपलेलं फंक्शन शोधायची युक्ती दिसली, तर ती टॅब बंद करा. ती दुसरी वाटही 5.7 मध्ये बुजवली गेली आहे.

आता खरा मुद्दा. फाइल उघडणं ही क्रिया कधीच निनावी नसते, ती कुणाच्या तरी वतीने होते. कर्नलमध्ये त्या ‘कुणाच्या तरी’चं नाव आहे ‘करंट’, म्हणजे या क्षणी या सीपीयूवर जी प्रोसेस चालू आहे ती. ‘फिल्प_ओपन’ला तुम्ही फक्त पाथ देता. बाकी सगळं ते करंटकडून उचलतं: कुठल्या रूटपासून पाथ मोजायचा (इथे रूट म्हणजे फोल्डरांच्या झाडाचं मूळ, युजर नव्हे), कुठले माउंट, म्हणजे त्या झाडाला जोडलेल्या डिस्क, दिसतात, परवानगी कुणाची धरायची.

गिरगावातल्या एखाद्या पत्रावर नुसतं ‘खोली नंबर 12’ लिहिलं तर पोस्टमन आधी विचारेल, कुठली चाळ? /एटीसी/कॅलिब हा तसाच पत्ता आहे. पूर्वी मशीनमध्ये एकच चाळ होती, त्यामुळे कुणी विचारत नव्हतं. आता कंटेनर, म्हणजे एकाच मशीनवरचे वेगळे केलेले कप्पे, आले आणि प्रत्येक कंटेनरची स्वतःची 12 नंबरची खोली आली. तुमचा कोड तर इंटरप्टमध्ये आहे. इंटरप्ट येतो तेव्हा करंट म्हणजे त्या क्षणी सीपीयूवर जो योगायोगाने बसलेला होता तो. कधी तुमचा मोजमापाचा प्रोग्रॅम, कधी ब्राउझर, कधी कंटेनरमधला डेटाबेस. ड्रायव्हर त्या बिचाऱ्याच्या रूटमधून, त्याच्या परवानगीने फाइल उघडायला जाणार. दहादा मिळेल, अकराव्यांदा ‘फाइल नाही’ म्हणून परत येईल आणि तुम्ही कार्डाचे स्क्रू तपासत बसाल.

मग 2.6.32 वर चालत होतं कसं? हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण मनात असणारच. नशिबाने चालत होतं. फाइल एकदा वाचली की मेमरीतल्या पेज कॅशमध्ये राहते, पाथचे तुकडेही तशाच डेंट्री कॅशमध्ये राहतात, आणि तसं असेल तर वाचताना झोपायची, म्हणजे डिस्कची वाट बघत थांबायची, वेळच येत नाही. ‘शेड्युलिंग व्हाइल अ‍ॅटॉमिक’ ही तक्रार कर्नल खरोखर झोपायला गेला तरच करतो. झोपण्याची शक्यता आहे एवढ्यावरच ओरडणारी तपासणी वेगळी आहे आणि ती नेहमीच्या कर्नलमध्ये बंद असते. जुन्या मशीनवर बहुधा बूटच्या वेळीच एखादी स्क्रिप्ट ती फाइल चाळत असावी. नव्या मशीनवर फाइल थंड होती, डिस्कपर्यंत जावं लागलं आणि पितळ उघडं पडलं. इंटरप्ट हँडलर म्हणजे दादर आणि माटुंग्याच्या मधे असलेला मोटरमन आहे. त्याला चहा हवा असेल तर तो आधीच केबिनमध्ये असायला हवा. मधेच उतरून आणता येत नाही, स्टॉल कितीही जवळ असला तरी.

इथे बरेच जण म्हणतात, ठीक, मग काम वर्कक्यूवर, म्हणजे मागाहून करायच्या कामांच्या रांगेत, ढकलतो, तिथे झोपता येतं. झोपण्याचा प्रश्न सुटतो खरा. पण आता करंट म्हणजे ‘केवर्कर’, ती रांग उपसणारा कर्नलचा थ्रेड; त्याला सहसा मुख्य यंत्रणेचं रूट दिसतं आणि त्याच्याकडे रूट युजरचे सगळे अधिकार आहेत. समजा फाइलचा पाथ युजरने सिसएफएसमधून (/सिस खालच्या ड्रायव्हरच्या फाइलींमधून) द्यायची सोय तुम्ही केलीत, त्या अ‍ॅट्रिब्यूटच्या परवानग्या सैल राहिल्या, आणि एखाद्या साध्या युजरने /एटीसी/शॅडो (पासवर्डची फाइल) लिहून दिलं. स्वतः तो ती फाइल उघडू शकत नाही, तुमचा केवर्कर मात्र इमानदारीने उघडेल. पत्ता एकाचा आणि किल्ली दुसऱ्याची, या फटीतूनच चोऱ्या होतात. कर्नलच्या आपल्याच कोअर डम्पच्या, म्हणजे कोसळलेल्या प्रोग्रॅमची मेमरी फाइलमध्ये टाकणाऱ्या, कोडमध्ये ही फट होती. विशेष अधिकारांनी चालणारा प्रोग्रॅम कोसळला की डम्पची फाइल रूटच्या अधिकाराने उघडली जायची, पण पाथ कोसळणाऱ्या प्रोसेसच्या रूटपासून मोजला जायचा, आणि ते रूट युजरला बदलता येत होतं. 2016 मध्ये जान हॉर्न यांनी ते दुरुस्त केलं आणि अशा वेळी पाथ मुख्य यंत्रणेच्या रूटपासून मोजायला लावला.

माझी स्वतःची जखम वेगळ्या जागी आहे. खूप वर्षांपूर्वी तुर्भ्याच्या एका ग्राहकासाठी आम्ही स्टोरेजच्या कार्डाचा ब्लॉक ड्रायव्हर लिहिला होता. काही चुकलं तर तपासता यावं म्हणून ड्रायव्हर आपला लॉग थेट फाइलमध्ये लिहायचा. ऑफिसात महिनाभर झकास चाललं. ग्राहकाकडे लोड आला की मशीन थिजायचं. माउस हलायचा, बाकी काही नाही. लोकलच्या फेऱ्या मारून मी जायचो तोवर त्यांनी रिसेट दाबलेला असायचा. शेवटी एकदा कन्सोलवर ‘120 सेकंदांहून जास्त काळ अडकलेला टास्क’ हा संदेश सापडला आणि त्याखालच्या स्टॅकमध्ये आमचं फंक्शन दोनदा दिसलं. लॉगची फाइल आमच्याच डिस्कवर होती. आमचं लॉक हातात धरून आम्ही फाइलमध्ये लिहायला जायचो, मेमरी कमी असली की कर्नल जागा करण्यासाठी आधीची पानं डिस्कवर लिहायला काढायचा, ते लिहिण्याचं काम फिरून आमच्याच ड्रायव्हरकडे यायचं आणि तिथे आमचंच लॉक आम्हाला अडवायचं. ऑफिसातल्या मशीनमध्ये मेमरी भरपूर होती, म्हणून महिनाभर काही दिसलं नाही. लॉगसाठी कर्नलमध्ये तयार सोयी आहेत: ‘प्रिंटके’चा बफर, ट्रेसपॉइंट, आणि मशीन मेल्यावरही हवं असेल तर पीस्टोअर. ड्रायव्हरने लॉगसाठी फाइल उघडू नये, यावर माझ्याशी वाद घालू नका.

वाचण्याकडे येऊ. तुमची कॅलिब्रेशनची फाइल म्हणजे कार्डाला लागणारा काही किलोबाइटचा ठरलेला डेटा आहे. यासाठी कर्नलमध्ये तयार दार आहे, ‘रिक्वेस्ट_फर्मवेअर’. नावाला घाबरू नका; फर्मवेअर म्हणजे चिपवर चढवायचा कोडच असला पाहिजे असं नाही, वायफायच्या चिपचे कॅलिब्रेशन टेबल गेली कित्येक वर्षं याच वाटेने येतात. तुम्ही पाथ देत नाही, फक्त नाव देता. कर्नल /लिब/फर्मवेअर आणि तिच्या अपडेट्सच्या उपफोल्डरमध्ये ठरलेल्या क्रमाने ते शोधतो. कुणाला वेगळी जागा हवी असेल तर बूटच्या पॅरामीटरने ती देता येते. आणि वर ज्या ‘कुणाच्या नावाने’चा घोळ घातला, तो इथे एकदाच आणि नीट सोडवलेला आहे. 2020 पासून फर्मवेअरची फाइल मुख्य इनिट प्रोसेसच्या माउंटमधून शोधली जाते, मग मागणारी प्रोसेस कुठल्याही कंटेनरमध्ये असो. 2022 मध्ये परवानगीही मागणाऱ्याची न धरता कर्नलची धरायचं ठरलं. शिवाय सुरक्षेच्या मॉड्यूलना मधे हात घालून सही तपासता येते. हे सगळं घरी पुन्हा लिहायची हौस कशाला?

दुसरं दार उलट्या दिशेने उघडतं. फाइल युजरच्या प्रोग्रॅमने उघडायची आणि फक्त आकडे ड्रायव्हरला द्यायचे: सिसएफएसचं बायनरी अ‍ॅट्रिब्यूट, आयओसीटीएल (ड्रायव्हरला हुकूम देण्याचा सिस्टम कॉल) किंवा सरळ डिव्हाइस फाइलवर राइट. पाथ कुठला, फाइल नसेल तर काय, फॉरमॅट जुना असेल तर काय, हे निर्णय युजरच्या प्रोग्रॅममध्ये दहा ओळींत होतात आणि चुकले तर फक्त तो प्रोग्रॅम पडतो. डेटाच मोठा असेल, म्हणजे ड्रायव्हरला सतत फाइल वाचत राहावी लागणार असेल, तर फाइललाच डिस्क म्हणून दाखवणाऱ्या लूप डिव्हाइसचा कित्ता गिरवा. ते लावणारा ‘लूसेटअप’ हा प्रोग्रॅम फाइल स्वतःच्या अधिकाराने उघडतो आणि तिचा डिस्क्रिप्टर (उघडलेल्या फाइलचा क्रमांक) आयओसीटीएलने कर्नलला देतो. कर्नल ‘एफगेट’ने तो धरतो, पाथचं नाव त्याला लागतच नाही. कुणाच्या नावाने उघडली याचं उत्तर उघडण्याच्या क्षणीच ठरून गेलेलं असतं.

तरीही काही मोजक्या कोडला फाइल नावाने उघडावी लागते: यूएसबी गॅजेटचा मास स्टोरेज, स्वॅप फाइल, प्रोसेस अकाउंटिंग. तुमचा कोड खरंच या पंगतीत बसत असेल तर अनुभवाने कळलेल्या काही गोष्टी सांगतो, कागदावर सहज दिसत नाहीत म्हणून.

‘फिल्प_ओपन’ चुकलं तर ‘नल’ देत नाही, पॉइंटरमध्ये गुंडाळलेला एररचा आकडा देतो. ‘इज_एरर’ने तपासा. नल तपासणारा कोड मी अजून पाहतो आणि दरवेळी तो ऊप्सपर्यंत पोचतो. फाइल दोन गिगाबाइटपेक्षा मोठी असू शकत असेल तर ‘ओ_लार्जफाइल’ हा फ्लॅग स्वतः द्या. 64 बिटच्या मशीनवर सिस्टम कॉल तो आपोआप लावतो, ‘फिल्प_ओपन’ लावत नाही, आणि मग ‘ईओव्हरफ्लो’ पाहून माणूस चक्रावतो. उघडल्यावर ती साधी फाइलच आहे ना ते पाहा, आणि उघडताना ‘ओ_नॉनब्लॉक’ द्या. त्या नावाने कुणी फिफो (दोन प्रोग्रॅममधली नळी) ठेवला असेल तर वाचायला उघडणारा नाहीतर समोरच्याची वाट बघत तिथेच बसेल. बफर स्टॅकवर ठेवू नका, एक्स86-64 वर कर्नलचा स्टॅक 16 किलोबाइटच असतो आणि तुमच्या खाली फाइलसिस्टम, ब्लॉक लेयर सगळे रांगेत उभे असतात. ‘कर्नल_रीड’ मागितल्यापेक्षा कमी बाइट देऊ शकतो, तेव्हा लूपमध्ये वाचा. 4.14 मध्ये त्याच्या आर्ग्युमेंटचा क्रमही बदलला, पोझिशन आता पॉइंटर म्हणून शेवटी जाते. जुन्या उदाहरणांवरून उचललेल्या कोडमध्ये हे बरोबर उलटं असतं.

बंद करण्याची गंमत वेगळीच. कर्नल थ्रेडमधून ‘एफपुट’ केलं (‘फिल्प_क्लोज’ शेवटी तेच करतं) की शेवटचं खरं बंद करणं मागाहून एका वेगळ्या कामावर टाकलं जातं. त्यामुळे तुम्ही फाइल बंद केली, लगेच अनमाउंट केलं, आणि ‘डिव्हाइस बिझी’ येतो. चूक तुमची नसते, थोडं थांबावं लागतं इतकंच. लिहित असाल तर ‘कर्नल_राइट’ परत आलं म्हणजे डेटा डिस्कवर गेला असं समजू नका, तो पेज कॅशमध्ये आहे. हवा असेल तर ‘व्हीएफएस_एफसिंक’ करा. मुंबईत वीज फारशी जात नाही म्हणून आपण हे विसरतो, पण शहरभर वीज गेली ती 12 ऑक्टोबर 2020 ची सकाळ आठवत असेल तर विसरणार नाही.

आणि /प्रॉक किंवा /सिस मधल्या फाइली कर्नलमधून वाचायला जाऊ नका. 5.10 पासून ज्या फाइलला नवी वाचण्याची पद्धत नाही तिच्यावर ‘कर्नल_रीड’ सरळ नाही म्हणतं. त्यापलीकडे, जी माहिती कर्नलच्याच पोटात आहे ती टेक्स्ट करून, पुन्हा वाचून, पुन्हा आकडा करणं म्हणजे स्वतःच्याच घरी पोस्टाने पत्र पाठवणं.

अँड्रॉइडच्या काही कर्नल शाखांमध्ये ‘फिल्प_ओपन’ आणि मंडळी एका खास नेमस्पेसमध्ये, म्हणजे नावांच्या वेगळ्या गटात, टाकली आहेत. ती वापरायची तर मॉड्यूलमध्ये ज्या नावाची घोषणा करावी लागते त्याचा अर्थ असा: मी खरोखर फाइलसिस्टम आहे, मी ड्रायव्हर नाही. कोड रिव्ह्यूमध्ये ती ओळ कुणाच्या ड्रायव्हरमध्ये दिसली की पुढचं बोलावं लागत नाही.

विंडोजवाल्यांसाठी एक वाक्य: तिथे ‘झेडडब्ल्यू-क्रिएट-फाइल’ हा अधिकृत मार्ग आहे, पण तोही ‘पॅसिव्ह लेव्हल’वरच, म्हणजे इंटरप्टमध्ये नाहीच, आणि हँडल कर्नलचं म्हणून मागितलं नाही तर ते त्या क्षणीच्या प्रोसेसच्या नावावर जातं. घोळ तोच, वेश वेगळा.

आता तुमच्या कार्डाचं. टेबल प्रोबमध्ये, म्हणजे कार्ड सापडल्यावर चालणाऱ्या फंक्शनमध्ये, ‘रिक्वेस्ट_फर्मवेअर’ने एकदाच वाचा, लांबी आणि चेकसम तपासा, आपल्या मेमरीत कॉपी करा आणि ‘रिलीज_फर्मवेअर’ करून टाका. इंटरप्ट हँडलरने फक्त त्या अ‍ॅरेत पाहायचं. ड्रायव्हर इनिटरॅमएफएसमधून (बूटच्या सुरुवातीच्या तात्पुरत्या फाइलसिस्टममधून) चढत असेल तर फाइलही तिथे टाका, नाहीतर बूटच्या वेळी रूट डिस्क अजून लागलेली नसते आणि फाइल ‘नाही’ येते. तंत्रज्ञ दर सहा महिन्यांनी कॅलिब्रेशन बदलतो असं तुम्ही लिहिलं आहे; त्यासाठी फक्त रूटला लिहिता येईल असं ‘रीलोड’ नावाचं छोटं सिसएफएस अ‍ॅट्रिब्यूट ठेवा. त्यात 1 लिहिलं की फर्मवेअर पुन्हा मागायचं, नवं टेबल पूर्ण तयार झाल्यावर आरसीयूने (वाचणाऱ्याला न अडवता डेटा बदलण्याची कर्नलची सोय) पॉइंटर बदलायचा आणि जुनं टेबल ‘केफ्री_आरसीयू’कडे द्यायचं. हँडलरला मधलं अर्धवट टेबल कधी दिसणार नाही.

प्लांटवर पाठवायच्या आधी टेस्टच्या मशीनवर ‘डीबग_अ‍ॅटॉमिक_स्लीप’ आणि लॉकडेप या झोपण्याच्या व लॉकच्या चुका पकडणाऱ्या तपासण्या चालू करून बांधलेला कर्नल लावा, ‘ड्रॉप_कॅशेस’मध्ये 3 लिहून कॅश रिकामी करा आणि मग कार्ड चालवा. ‘कर्नल_रीड’ टाकलेला तुमचा आत्ताचा कोडही आधी एकदा तसाच चालवून बघा, 2.6.32 वर तो इतकी वर्षं कशाच्या भरवशावर उभा होता ते पाच मिनिटांत दिसेल.